हाशिमा, मुनक्किला आणि जबर दुखापत : मोडलेल्या चेहऱ्याच्या वर्गवारीचा इतिहास

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे जाताना चारोटी मागे पडली की थोड्याच वेळात विवळवेढे लागते. रस्त्यालगत महालक्ष्मीचे देऊळ आणि मागे डोंगराचा सुळका. चैत्र पौर्णिमेला इथली यात्रा सुरू होते. डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवरून आणि गुजरातच्या सीमेपलीकडूनही माणसे येतात. पंधरा दिवस या रस्त्यावर पायी चालणारे, दुचाकीवर तिघे बसलेले, टेम्पोत दाटीने उभे असलेले लोक दिसतात आणि त्यांच्या शेजारून कंटेनर, टँकर, मोटारी धावत असतात. यात्रा संपते, पण वाहने कमी होत नाहीत. या महामार्गालगत राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गावात अपघातातून वाचलेला कोणी ना कोणी भेटतो. त्यांच्यातल्या काहींच्या चेहऱ्याकडे पाहिले की कळते, एक गाल थोडा खोल गेलेला आहे, नाक एका बाजूला कललेले आहे किंवा बोलताना जबडा वाकडा होतो.

अशा माणसाच्या घरी एक कागद जपून ठेवलेला असतो. त्यावर मुख्यतः दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली, कोणते हाड मोडले आणि कसे. दुसरी, दुखापत साधी की जबर. पहिली गोष्ट वैद्यकाची, दुसरी कायद्याची. दोन्हींना आपण वर्गवारी म्हणू शकतो. चेहऱ्याच्या मोडलेल्या हाडांची ही वर्गवारी माणूस चार हजार वर्षांच्या आसपास करत आला आहे आणि तिचे हे दोन प्रवाह बहुतेक काळ वेगवेगळे वाहिले आहेत. वैद्य विचारतो, याचे काय करता येईल? काजी किंवा न्यायाधीश विचारतो, याचे किती नुकसान झाले आणि ते कोणी भरायचे? या दोन प्रश्नांचा इतिहास एकत्र मांडावा, म्हणून हा लेख. त्यात मुस्लिम फिक्हशास्त्राचा एक मोठा अध्याय आहे, जो मराठी वाचकांपर्यंत फारसा आलेला नाही आणि उर्दू वाचकांपैकीही मदरशाबाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असतो.

आधी वैद्यांकडे पाहू. इजिप्तमधील लक्सर येथे १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकी माणसाने एक जुनी पपायरसची गुंडाळी विकत घेतली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांपूर्वीची ही नक्कल त्याहून जुन्या मजकुराची आहे. तिच्यात ४८ रुग्णांची प्रकरणे डोक्यापासून खाली अशा क्रमाने लिहिली आहेत. नाक मोडलेले, गालाचे हाड मोडलेले, खालचा जबडा मोडलेला किंवा निखळलेला असे रुग्ण त्यात आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वैद्य तीनपैकी एक निवाडा देतो : यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंज देईन, किंवा यावर उपचार नाही. जबडा निखळला असेल तर तो बसवण्याची रीत दिली आहे, पण जखमेसह मोडलेल्या जबड्यापुढे वैद्य हात टेकतो. ही वर्गवारी हाडाच्या आकाराची नाही, वैद्याच्या ताकदीची आहे.

आपल्याकडे सुश्रुताने वेगळा मार्ग घेतला. त्याने आधी हाडांचे पाच प्रकार केले : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. मग प्रत्येक प्रकार कसा मोडतो ते सांगितले. तरुण हाडे, म्हणजे आपण ज्याला कूर्चा म्हणतो ती, वाकतात. नळीसारखी हाडे तुटतात. कपालासारखी चपटी हाडे फुटतात. रुचक, म्हणजे दात, त्यांचे तुकडे उडतात. सुश्रुताच्या मते नाक आणि डोळ्यांचे कोश तरुण हाडांचे, गाल, टाळू आणि कानशिले कपाल हाडांची आणि दात रुचक. म्हणजे एकट्या चेहऱ्यात पाचपैकी तीन प्रकार एकमेकांना खेटून आहेत. एकाच फटक्यात काही वाकते, काही फुटते, काही तुकडे होऊन पडते. चेहऱ्याचे फ्रॅक्चर हातापायाच्या फ्रॅक्चरपेक्षा अवघड का, याचे उत्तर यात आहे. सुश्रुताने मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकारही मोजले आहेत.

अरबी वैद्यकात हे काम अंदलुसमधील कुर्तुबा शहराजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी पुढे नेले. इसवी सन १००० च्या सुमारास त्यांनी पूर्ण केलेल्या 'किताब अल-तसरीफ'चे तीस भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यातला एक विभाग फक्त मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांसाठी आहे. हललेले दात सोन्याच्या तारेने शेजारच्या पक्क्या दातांना बांधावेत, चांदी खराब होते म्हणून सोने बरे, असा त्यांचा अनुभवाचा सल्ला आहे. बाराव्या शतकात तुलैतुला म्हणजे टोलेडो येथे हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातील शस्त्रवैद्य तो पुढची कित्येक शतके वाचत राहिले.

इथे शब्दांचा एक संबंध सांगायला हवा. उर्दूत 'जब्र' म्हणजे बळजबरी. पण अरबीत याच शब्दाचा दुसरा अर्थ मोडलेले हाड जुळवणे असा आहे. अल-ख्वारिज्मीच्या 'अल-जब्र'मधून 'अल्जिब्रा' आला हे आपण वर्गात सांगतो, मात्र स्पॅनिश भाषेत 'अल्जेब्रिस्ता' हा शब्द हाडवैद्यासाठी वापरला जात होता हे सांगायचे राहते. वुजूचे नियम शिकताना 'जबीरा'वर ओला हात फिरवण्याची सवलत आपण शिकतो. ती जबीरा म्हणजे मोडलेल्या हाडाला बांधलेली फळी किंवा पट्टी. मोडलेल्या हाडाचा विचार आपल्या रोजच्या इबादतीच्या नियमांतही असा येऊन बसलेला आहे.

आता कायद्याचा प्रवाह. इस्लामपूर्व अरबस्तानात जखमेचा बदला टोळीने टोळीवर घ्यायचा. एका सांडणीवरून सुरू झालेले बसूसचे युद्ध चाळीस वर्षे चालले असे परंपरा सांगते. एका गालाच्या बदल्यात किती गाल, याला मोजमाप नव्हते. पैगंबरांनी अम्र बिन हज्म यांच्यासोबत यमनला पाठवलेल्या पत्रात या जखमांच्या भरपाईचे आकडे आहेत आणि ते पत्र हदीसच्या संग्रहांत जपले गेले आहे. पूर्ण जिवाची दियत शंभर उंट. हाड उघडे पाडणाऱ्या जखमेला पाच, हाड जागचे हलवणाऱ्या जखमेला पंधरा, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचणाऱ्या जखमेला दियतीचा एक तृतीयांश, एका दाताला पाच.

या आकड्यांवर फकिहांनी पुढच्या शतकांत एक पूर्ण वर्गवारी उभी केली. डोके आणि चेहऱ्याच्या जखमांना 'शिजाज' असे वेगळे नाव दिले. अंगावर इतरत्र झालेली जखम ती 'जिराहत', तिचे नियम वेगळे. फरगाना खोऱ्यातील बुऱ्हानुद्दीन मरगिनानी (मृत्यू ११९७) यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात शिजाजचे दहा प्रकार दिले आहेत. त्यांची नावे उर्दू जाणणाऱ्याला पाठ करावी लागत नाहीत, कारण त्यांची मुळे आपल्या बोलण्यात आहेत.

हारिसा म्हणजे नुसता ओरखडा, रक्त नाही. दामिआ म्हणजे रक्त दिसते, पण अश्रूसारखे थबकते, कारण 'दमअ' म्हणजे अश्रू. दामिया म्हणजे रक्त वाहते, कारण 'दम' म्हणजे रक्त. बादिआत कातडी कापली जाते. मुतलाहिमा मांसात शिरते, 'लहम' म्हणजे मांस. सिमहाक हाडावरच्या पातळ पापुद्र्यापर्यंत जाते. मूजिहामध्ये हाड उघडे पडते, 'वाजेह' आणि 'वजाहत' याच मुळाचे. हाशिमामध्ये हाड मोडते. 'हश्म' म्हणजे चुरणे. मक्केत हाजींसाठी रश्श्यात भाकरी चुरून देणारे म्हणून पैगंबरांच्या पणजोबांना हाशिम हे नाव पडले आणि आजचे हाशमी आडनाव तिथूनच आले. मुनक्किलामध्ये मोडलेले हाड जागेवरून सरकते. 'मुन्तकिल' होणे आणि मराठीतील 'नक्कल' ही याच मुळाची. दहावी आम्मा. ती मेंदूच्या आवरणापर्यंत जाते, ज्याला अरबीत 'उम्म' म्हणजे मेंदूची आई म्हणत. लॅटिन वैद्यकाने हेच नाव भाषांतरित करून घेतले आणि आजही जगभरचे डॉक्टर त्या आवरणाला 'ड्युरा मेटर', कठीण आई, म्हणतात. यापुढची दामिगा मेंदूतच शिरते. पण तिच्यातून माणूस सहसा वाचत नाही, मग ती जखम न राहता हत्या होते, म्हणून ती दहात मोजलेली नाही.

पहिल्या सहा प्रकारांना ठरलेली रक्कम नाही. तिथे जाणकार आणि न्यायी माणसाने नुकसानीचा अंदाज करायचा. मूजिहाला पाच उंट, हाशिमाला दहा, मुनक्किलाला पंधरा, आम्माला एक तृतीयांश. यातला हाशिमाचा दहाचा आकडा त्या पत्रात नाही. तो सहाबी जैद बिन साबित यांच्याकडून आला.

या तक्त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट उंटांच्या आकड्यांत नाही. मूजिहा जाणूनबुजून केली असेल तर किसास, म्हणजे तशाच जखमेचा बदला, मागता येतो, कारण सुरी हाडापाशी थांबवता येते आणि बरोबरी साधता येते. हाशिमापासून पुढे मात्र किसास नाही. एखाद्याचे हाड जसे मोडले अगदी तसेच दुसऱ्याचे मोडता येणे शक्य नाही, तडा कुठे जाईल हे मारणाऱ्याच्या हातात नसते, आणि बरोबरी जमत नसेल तिथे बदला हा जुलूम ठरतो. 'डोळ्याला डोळा' एवढेच ऐकून इस्लामी फौजदारी कायद्याविषयी मत बनवणाऱ्यांना हे सांगायला हवे. मोडलेल्या हाडापाशी फकिहांनी सूडाला थांबवले आणि त्याच्या जागी मोजमाप आणले. त्यासाठी हाड उघडे पडणे, मोडणे आणि सरकणे या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येणे आवश्यक होते. वर्गवारी इथे माणसांना आवरण्याचे काम करत होती.

त्यांची चर्चा किती बारकाईची होती याचा एक नमुना. खालचा जबडा चेहऱ्यात धरायचा की नाही? इमाम मालिक यांच्या मते नाही. हनफींच्या मते धरायचा, कारण तो मध्ये काही खंड न पडता चेहऱ्याला जोडलेला आहे. आजच्या शस्त्रवैद्यकातही खालच्या जबड्याची फ्रॅक्चर वरच्या चेहऱ्यापासून वेगळी मोजतात, मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो, कारण दात दातांवर बसले तरच सगळे नीट बसले.

या व्यवस्थेचे दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. बहुतेक फकिहांनी स्त्रीची दियत पुरुषाच्या निम्मी धरली. गुलामाच्या जखमेचा हिशेब त्याच्या बाजारभावावरून झाला. बिगरमुस्लिम प्रजेची दियत हनफींनी बरोबरीची धरली, पण इतर मजहबांनी कमी. हाड सगळ्यांचे सारखे मोडते हे ज्यांनी इतक्या बारकाईने पाहिले, त्यांनी किंमत मात्र सारखी लावली नाही.

हा कायदा हिंदुस्थानात फक्त पुस्तकात नव्हता. औरंगजेबाच्या काळात शेख निजाम बुऱ्हाणपुरी यांच्या नेतृत्वाखाली उलेमांनी 'फतावा-ए-आलमगिरी' संकलित केला. त्याची मांडणी हिदायाच्या धर्तीवर आहे. बुऱ्हाणपूर म्हणजे खानदेशाचा शेजार, मराठी मुलखाच्या अगदी उंबऱ्यावरचे शहर. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालची दिवाणी घेतल्यावर फौजदारी न्याय काजी आणि मुफ्तींच्या फतव्यांवरच चालू ठेवला. इंग्रज न्यायाधीशांना तो समजावा म्हणून चार्ल्स हॅमिल्टनने हिदायाचे इंग्रजी भाषांतर केले, ते १७९१ मध्ये छापले गेले. मुंबई इलाख्यात मात्र माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली स्वतंत्र फौजदारी नियम आले. नंतर मेकॉलेच्या आयोगाने तयार केलेली भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली.

या संहितेच्या कलम ३२० मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. सहावा, डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे. सातवा, हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे. आठवा, जिवाला धोका, किंवा वीस दिवस तीव्र वेदना अथवा रोजचा व्यवहार करता न येणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ही यादी जवळजवळ तशीच आहे, फक्त वीस दिवसांचे पंधरा झाले.

आता तुलना करा. हाशिमा, मुनक्किला आणि आम्मा या तीन पायऱ्यांच्या जागी एकच शब्द आला : मोडणे. सर्वोच्च न्यायालयाने होरीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सांगितले की हाड आरपार तुटायला हवे असे नाही, त्याला चीर गेली तरी ते फ्रॅक्चरच. म्हणजे नाकाच्या हाडाला गेलेली केसाएवढी चीर आणि कवटीपासून सुटलेला संपूर्ण चेहरा, दोन्ही कायद्याच्या एकाच खणात. शिक्षेची कमाल मर्यादा मात्र या खणावरून ठरते. जाणूनबुजून केलेल्या साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद, जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. त्या मर्यादेत कमीजास्त करणे न्यायाधीशाच्या हाती आहे, हे खरे. या बदलात एक मोठी कमाई झाली हेही मान्य केले पाहिजे. कलम ३२० मध्ये स्त्री-पुरुष, जात, धर्म, मालक-नोकर असा भेद नाही. विवळवेढ्याच्या वारली मजुराच्या आणि मुंबईच्या उद्योगपतीच्या मोडलेल्या गालाला कायद्यात एकच नाव आहे. जुन्या तक्त्याला जे जमले नाही, ते या एका ओळीने केले. मात्र ते करताना पायऱ्या पुसल्या.

त्या पायऱ्या वैद्यकाने पुन्हा शोधल्या. फ्रान्समधील लील शहरात रने ल फोर या तरुण शस्त्रवैद्याने १९०१ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने ३५ मृतदेहांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगवेगळ्या जोराने आघात केले, नंतर मांस काढून हाडे तपासली. चेहरा कुठेही, कसाही मोडत असेल अशी समजूत होती. ल फोरला दिसले की तसे नाही. चावण्याचा भार पेलणारे उभे खांब चेहऱ्यात मजबूत असतात, त्यांच्या मधल्या भिंती पातळ असतात आणि तडे ठरावीक कमकुवत रेषांवरून जातात. अशा तीन रेषा त्याने काढल्या. पहिल्या प्रकारात दातांच्या मुळांवरून आडवा तडा जातो आणि टाळूसह वरचे दात सुटे होतात. दुसऱ्यात तडा नाकाच्या वरच्या टोकावरून डोळ्यांच्या खालच्या कडेतून उतरतो आणि चेहऱ्याचा मधला भाग पिरॅमिडसारखा सुटतो. तिसऱ्यात तडा दोन्ही डोळ्यांच्या खोबणीतून आरपार जातो, गालाची कमान तुटते आणि सगळा चेहरा कवटीच्या तळापासून वेगळा होतो. डॉक्टर आजही वरचे दात चिमटीत धरून हलक्या हाताने हलवून पाहतात. फक्त टाळू हलली तर पहिला, नाकही हलले तर दुसरा, डोळ्यांच्या कडांसह सगळेच हलले तर तिसरा.

गालाच्या हाडासाठी वेगळी वर्गवारी लागली. १९६१ मध्ये नाइट आणि नॉर्थ या ब्रिटिश शस्त्रवैद्यांनी १२० रुग्ण तपासून सहा गट केले. त्यांचा निकष होता, हाड सरकले का आणि सरकले तर कोणत्या बाजूला फिरले. पहिल्या गटात हाड मोडलेले आहे पण सरकलेले नाही, त्याला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. पुढच्या गटांत कोणते हाड उचलून बसवले की आपोआप टिकते आणि कोणते पुन्हा घसरते, याचा अंदाज बांधता येतो. हे वाचताना हिदाया माहीत असलेला माणूस थबकतो. मोडलेले पण न सरकलेले ते हाशिमा, सरकलेले ते मुनक्किला. फकिहाने भरपाईसाठी जी रेघ ओढली, तीच रेघ शस्त्रवैद्याने उपचारासाठी ओढली. त्यांनी एकमेकांचे वाचले होते असे मी म्हणत नाही. हाडाकडे नीट पाहणाऱ्या दोघांनाही 'मोडले का' या प्रश्नाइतकाच 'सरकले का' हा प्रश्न महत्त्वाचा वाटला, एवढेच.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील दुचाकीवरून पडले होते. त्यांनी तो कागद मला दाखवला आणि विचारले, "सर, हे 'अनडिस्प्लेस्ड' म्हणजे चांगलं की वाईट?" मी सांगितले, हाड मोडलंय पण जागेवर आहे. त्यांचा लगेच पुढचा प्रश्न, "मग केस होते का?" त्यांच्या दोन प्रश्नांत या लेखाचे दोन्ही प्रवाह आले. पहिल्याचे उत्तर हो, त्यातल्या त्यात चांगले. दुसऱ्याचेही हो, कारण सरकले नसले तरी मोडले आहे आणि कायद्याला तेवढे पुरते.

ल फोरच्या रेषाही महामार्गावर अपुऱ्या पडतात. त्याच्या टेबलावरच्या मृतदेहावर एक आघात होत असे. शंभराच्या वेगाने जाणारी गाडी थांबते तेव्हा चेहरा आधी एका गोष्टीवर आदळतो, मग दुसऱ्या. डाव्या बाजूला तिसरा प्रकार, उजव्या बाजूला दुसरा, सोबत खालचा जबडा दोन ठिकाणी आणि कपाळाचे हाडही, अशी मिश्र चित्रे निघतात. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि त्यानंतर चेहऱ्याच्या हाडांचे पातळ पातळ काप पडद्यावर पाहता येऊ लागले. तरीही डॉक्टर ल फोरचेच नाव घेतात, फक्त डावे-उजवे वेगळे लिहितात.

या महामार्गावरचा सर्वांना आठवणारा अपघात ४ सप्टेंबर २०२२ चा. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळली आणि टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरचे दोघे गेले. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. देशभर पट्ट्यांची चर्चा झाली ती त्या दिवसानंतर. याच रस्त्यावर पायी चालणाऱ्याला मात्र पट्टा नसतो, आणि त्याच्या अपघाताची चर्चा गावाबाहेर जात नाही.

त्याच्यासाठी कागदावरचे शब्द किती मोलाचे आहेत ते आकड्यांत पाहा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती नुकसानभरपाईच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी भरपाई आता मृत्यूला ५ लाख आणि जबर दुखापतीला अडीच लाख रुपये आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही तर मृत्यूला २ लाख आणि जबर दुखापतीला ५० हजार. जबर दुखापत म्हणजे काय, यासाठी हा कायदा दंड संहितेच्या त्याच व्याख्येकडे बोट दाखवतो. म्हणजे १८६० च्या त्या सातव्या प्रकारावर आज एका मजुराचे ५० हजार किंवा अडीच लाख अवलंबून आहेत. फोटो काढला नाही, चीर दिसली नाही, 'साधी' असे लिहिले गेले, की दार बंद. याहून जास्त भरपाई हवी असेल तर समोरच्याची चूक, बुडालेली मजुरी, उपचाराचा खर्च आणि कायमचे आलेले अपंगत्व दाखवून न्यायाधिकरणात वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे मात्र नुसते 'मोडले' पुरत नाही. कोणते हाड, सरकले का, दात नीट जुळतात का, एकाचे दोन दिसते का, हे सगळे मोजले जाते. जुन्या पायऱ्या तिथे मागच्या दाराने परत येतात.

पाकिस्तानने त्या पायऱ्या पुढच्या दाराने परत आणल्या. १९९० पासून तिथल्या दंड संहितेच्या कलम ३३७ मध्ये शज्जाचे सहा प्रकार आहेत आणि हाशिमाला दियतीच्या दहा टक्के, मुनक्किलाला पंधरा टक्के अशी भरपाई आहे. उंटांचे आकडे टक्के झाले. तिथले डॉक्टर दाखल्यावर हे अरबी शब्द लिहितात. परंतु त्याच कायद्यातली तडजोडीची सोय पैसेवाल्याला सुटका विकत घेऊ देते, अशी टीका तिथेच होत आली आहे. म्हणून जुना तक्ता जसाच्या तसा परत आणावा असे मी सुचवत नाही. समानता ही मिळवलेली गोष्ट आहे आणि ती सोडता येणार नाही. पायऱ्यांची बारकाई मात्र आपल्याला परवडण्यासारखी आहे, कारण तिच्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. दाखल्यावर दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात.

त्या दोन ओळींना वेळेचे बंधन आहे. अपघातानंतर चेहरा सुजतो आणि सूज सरकलेले हाड झाकते. माणूस टाके घालून घरी येतो, जेवताना दुखते म्हणून पेज पितो, सूज उतरण्याची वाट पाहतो. सूज उतरते तेव्हा गाल खोल दिसतो, दात दातांवर बसत नाहीत, खाली पाहताना पायरी दोनदा दिसते. दोन-तीन आठवडे उलटले की हाड आहे त्या वाकड्या जागीच जुळू लागते आणि मग ते बसवण्यासाठी ते पुन्हा तोडावे लागते. ज्या घरात हातावर पोट आहे तिथे ती दुसरी शस्त्रक्रिया बहुधा होतच नाही. मुनक्किला वेळेवर ओळखली गेली नाही, तर तिची भरपाई कितीही उंट देऊन होत नाही.

म्हणून महामार्गालगतच्या माझ्या वाचकांना एवढेच सांगेन. चेहऱ्याला मार लागलेल्या माणसाला घेऊन गेलात तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : हाड मोडले का, सरकले का, आणि हे दोन्ही कागदावर लिहिले का. पहिला आणि दुसरा प्रश्न सुश्रुतापासून ल फोरपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. तिसरा काजीचा आहे. तो आपण विचारला नाही, तर दुसरे कोणी विचारत नाही.